अक्षय (मुदत एक वर्ष)

मी भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. सुरुवातीची दोन वर्षं तो भांडतो, पुढची दोन वर्षं भांडण मनात करतो आणि त्यानंतर कोणी काहीही म्हणालं तरी त्याच्या तोंडून आपोआप “पासबुक आणलंय का?” एवढंच निघतं. आमच्या लग्नाच्या बोलणीत सासरेबुवांनी “मुलीला सुखात ठेवाल ना?” असं विचारलं, तेव्हाही मी त्यांना हेच विचारलं होतं म्हणतात. ते असो.

तर असा हा मी गरीब, निरुपद्रवी कॉमर्स ग्रॅज्युएट आज एका शब्दासाठी भांडायला उभा आहे. शब्द आहे ‘अक्षय’.

निमित्त नेहमीचंच. वैशाख जवळ आला की वर्तमानपत्र सोन्याने पिवळं पडतं. पहिल्या पानावर सोनं, दुसऱ्या पानावर सोनं, बातमी शोधायची तर श्रद्धांजलीच्या पानापर्यंत जावं लागतं. ‘अक्षय तृतीयेला सोनं घ्या, अक्षय समृद्धी मिळवा!’ आणि त्या ‘अक्षय’च्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. मी व्यवसायाने चांदण्या वाचणारा माणूस. चांदणीचा माग काढत पानाच्या तळाशी गेलो. तिथे लिहिलं होतं, ‘अटी लागू. योजना फक्त तीन दिवस.’

अक्षय, आणि तीन दिवस! दुधाची पिशवीसुद्धा फ्रिजमध्ये याहून थोडी जास्त टिकते.

मी ही गंमत सौ.ना दाखवायला गेलो. त्या म्हणाल्या, “बरं झालं आठवण केलीत. या आखाजीला एक ग्रॅमचं तरी नाणं घ्यायचंय मला.”

“अगं, तोळ्याने लाखाची वेस ओलांडली आहे.”

“म्हणूनच एक ग्रॅम म्हटलं. तोळा म्हटलं का?”

“पण अक्षय म्हणजे काय, ठाऊक आहे का? ज्याला क्षय नाही ते.”

“मग? म्हणजे सोनंच ना!”

वाद इथे संपला. घरात जे बोलायला जमत नाही ते माणूस छापून आणतो, त्याला साहित्य म्हणतात. म्हणून हा लेख.

आता शब्दाकडे वळू. ‘क्षि’ म्हणजे झिजणे, नाश पावणे. त्यापासून क्षय. त्याला नकाराचा ‘अ’ लावला की अक्षय. इतकं आमच्या चिरंजीवांनाही येतं, कारण ते परीक्षेला असतं. पण परीक्षेला नसलेली गंमत पुढे आहे. संस्कृतात दुसराही एक ‘क्षि’ आहे, त्याचा अर्थ राहणे, वस्ती करणे. त्यापासून वेदांच्या भाषेत ‘क्षय’ म्हणजे घर! दोन्ही शब्द दिसायला तंतोतंत एक. फरक फक्त उच्चारातल्या स्वराचा, आणि तेवढ्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं. घर आणि झीज यांना एकच शब्द वापरणारे ते पूर्वज थोर होते. मला तीन वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर बसल्यावर जे कळलं, ते त्यांना टेबलाशिवाय कळलं होतं.

बरं, पुराणातल्या ‘अक्षय’ वस्तू तरी अक्षय होत्या का? द्रौपदीची थाळी घ्या. सूर्याने दिलेलं ते अक्षयपात्र. आम्ही लहानपणी समजत होतो की ती थाळी अजून कुठेतरी हिमालयात भात देत असेल. महाभारतात वनपर्व उघडून पाहा. सूर्याने अन्न पुरवण्याचं वचन दिलं ते बारा वर्षांचं. वनवास संपला, स्कीम बंद! शिवाय रोजची मर्यादा वेगळीच, द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरता काउंटर बंद. दुर्वास मुनी नेमके त्यानंतर आले आणि काय तारांबळ उडाली ते आपल्याला ठाऊकच आहे. काउंटर बंद झाल्यावरच येणारं गिऱ्हाईक द्वापारयुगापासून आहे, हे वाचून मला फार धीर आला.

अर्जुनाचे अक्षय भाते घ्या. खांडववन जाळायच्या वेळी मिळालेले, कितीही बाण काढा, संपायचे नाहीत. अख्खं कुरुक्षेत्र पार पडलं, संपले नाहीत. पण मौसलपर्वात, श्रीकृष्ण गेल्यावर, द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन हा बापडा निघाला, वाटेत लुटारूंनी गाठलं, भात्यात हात घातला, तर बाण संपलेले! ज्या दिवशी खरी गरज होती, त्याच दिवशी. आमच्या एटीएमवर हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पंचांगवाल्यांची तर आणखीच कमाल. त्यांच्याकडे सूर्योदय न पाहिलेल्या तिथीला क्षयतिथी म्हणतात. तृतीयेचाही असा क्षय होऊ शकतो. म्हणजे अक्षय तृतीयेचाच क्षय!

हे सगळे चिरकाल टिकणारे शब्द असेच फसवे. ‘चिरंजीव’ पाहा. लग्नपत्रिकेपर्यंत मुलगा चि., अक्षता पडल्या की श्री. चिरंजीवपण संपलं, माणूस मर्त्य झाला. ‘कायम’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. मूळ अर्थ ‘उभा असलेला’. मास्तर लोक कायम होण्यासाठी वर्षानुवर्षं उभे असतात, ते मूळ अर्थाला धरूनच म्हणायचं. आपल्या राज्यात तर ‘कायम विनाअनुदानित’ शाळा होत्या. २००९ साली सरकारने त्या नावातला ‘कायम’ हा शब्दच काढून टाकला. जगात दुसरं काही काढता येत नसेल, पण ‘कायम’ काढता येतो! आणि हल्ली कचेऱ्यांतून सर्वत्र ‘शाश्वत’ विकास चालू आहे. संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ ध्येयं ठरवली आहेत, आणि ती २०३० पर्यंत गाठायची आहेत. शाश्वतालाही मुदत! मी बँकवाला, मला मुदतीचं वावडं नाही. मुदत आहे ते सरळ सांगा, एवढंच म्हणणं आहे.

आता कोणी म्हणेल, सणाची थट्टा करतोय. छे! उलट मी सणाचा वकील आहे. आम्ही नंदुरबारची माणसं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळे निघालो, जिल्हा निराळा झाला, पण खानदेश तोच आणि खानदेशाचा मोठा सण तोच, आखाजी. दिवाळी म्हटली की आमच्याकडचा माणूस ‘हो, आहे’ म्हणतो. आखाजी म्हटली की तो खुर्चीवरून उठतो.

या आखाजीत सोनं कुठे होतं, सांगा बरं? मातीची घागर असते, पाण्याने भरलेली. वर खरबूज, आंबा. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने ती पुजायची, आगारी टाकायची, मग खापरावरचे मांडे आणि आमरस. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई मांडतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात. बाप्ये पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. काउंटरवर एखादी आजी बोटाला शाई लावून घेता घेता सांगते, “आखाजीले पोर येल शे, भाऊ. लवकर दे.” पाचशे रुपये काढायला आलेली असते, पण तोरा पाच लाखांचा.

नीट पाहिलं तर या सणात न संपणारं असं काहीच नाही. घागरीतलं पाणी दुसऱ्या दिवशी उरत नाही. लेक चार दिवसांनी परत जाते. सालदाराचं तर सालच आखाजीला संपतं आणि नवा करार होतो, तोही एकाच वर्षाचा. ‘अक्षय’ नावाच्या दिवशी माणसं एका वर्षाचे व्यवहार करतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करतात. कोणी चांदणी छापत नाही.

आणि पेढीवरच्या त्या अक्षय सोन्याचं पुढे काय होतं, ते मला विचारा. वैशाखात विकत घेतलेलं सोनं मृग लागायच्या सुमारास माझ्या काउंटरवर येतं. त्याच लाल मखमली बटव्यात, बटव्यावर दुकानाचं नावही कोरं करकरीत. कपाशीचं बियाणं घ्यायचं, खत घ्यायचं, सोनेतारण करा. मी वजन लिहितो, पाकीट शिवतो, लाखेचं सील लावतो. सोन्याचा क्षय होत नाही हे अगदी खरं आहे. मालकीचा होतो.

म्हणजे ‘अक्षय’ हा शब्दच खोटा? मलाही असंच वाटत होतं. मग आमची मंडळी एकदा नाशिकला गेली आणि पोरांच्या हट्टाने मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. (उतरल्यावर माझा जो क्षय झाला होता तो वेगळा.) तिथे दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. तिथे उभं राहून मला अर्थातच त्यातलं अक्षर कळलं नाही. घरी आल्यावर पुस्तकात त्याचा अर्थ वाचला आणि थक्क झालो. अहो, ती मुदत ठेवीची पावती आहे!

नहपान नावाचा क्षत्रप राजा, त्याचा जावई उषवदात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, वर्ष ४२, महिना वैशाख (हो, वैशाखच!), त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेवले. त्या ठेवीचं नाव लेखात दिलं आहे ‘अखयनिवि’. म्हणजे अक्षयनीवी. ‘अक्षय’चा ‘अखय’ झालेला आहे बघा. आमची आजी ‘अक्षय तृतीया’ न म्हणता ‘आखाजी’ म्हणायची, तेव्हा वडील तिला शुद्ध बोलायला शिकवायचे. आजीची परंपरा एकोणीसशे वर्षं जुनी निघाली. वडिलांची फार तर शाळा खात्याइतकी.

आणि ‘नीवी’ म्हणजे? एक अर्थ भांडवल, मुद्दल. दुसरा अर्थ बाईच्या नेसत्या वस्त्राची कमरेची गाठ. म्हणजे आपली कनवट! कनवटीला लावलेला पैसा हेच पहिलं भांडवल. ती गाठ कधी सोडायची नाही, म्हणून अक्षयनीवी. इतका चपखल शब्द आमच्या बँकेच्या एकाही फॉर्मवर नाही.

व्यवहार ऐका. जावयाने सगळी रक्कम एका जागी ठेवली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीत २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीत १,०००, शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज झालं २४०. लेण्यात पावसाळा काढणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा. वीस बारे २४०. एक कवडी इकडेतिकडे नाही! मी कॅल्क्युलेटर घेऊन तपासलं. हजाराचे ९० निराळे, किरकोळ खर्चाला. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि नोंदवून ठेवला, असंही कोरलं आहे. आणि मुख्य अट, जिच्यासाठी मी हा लेख लिहितोय ती अशी, की हे मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज उपभोगायचं.

आता सौ.चा प्रश्न येतोच, “मग त्या ठेवीचं पुढे काय झालं?”

काय होणार? गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजा गेला, नाण्यावरचा त्याचा चेहरा ठोकला गेला, विणकरांच्या श्रेणी गेल्या, वस्त्राचे बारा कार्षापण घेणारे भिक्षू गेले. उरला तो दगडावरचा शब्द. अक्षर म्हणजेही ‘न झरणारं’, तेव्हा त्याने तेवढं इमान राखलं.

पण त्या दगडाने मला शब्दाचा अर्थ सांगितला. ‘हे मुद्दल परत करू नका’ हा माणसांना दिलेला हुकूम आहे. चांदीला तो कळत नाही. जोवर माणसं तो पाळतात तोवर ठेव अक्षय, ज्या वर्षी पाळत नाहीत त्या वर्षी ती संपली. अक्षयपणा वस्तूत नसतोच, तो सांभाळणाऱ्याच्या हातात असतो. आमच्याच गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा चार सोबत्यांसह गोळीबारात गेला. त्याला आम्ही ‘अमर’ म्हणतो. पंधरा वर्षं जगलेल्या पोराला अमर म्हणायचं, तर दरवर्षी त्याची आठवण करायचं कामही म्हणणाऱ्यांनीच करायचं. आठवण थांबली की अमरपण आमच्याच हातून जाणार.

हे मोठं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या मला आता कबुली द्यायची आहे.

माझे वडील शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. १९८५ साली त्यांनी त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या ‘आखाजी’वाल्या आजीच्या नावाने शाळेसाठी १,००० रुपये बँकेत ठेवले. आजी शाळेत गेलेली नव्हती. व्याजातून चौथीत पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी बक्षीस द्यायचं. फॉर्मवर ‘मुदत’ या रकान्यात वडिलांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘यावच्चंद्रदिवाकरौ’. समोरच्या क्लार्कने ते खोडून ‘६० महिने’ लिहिलं. वडील ही गोष्ट हसून सांगत, पण दर पाच वर्षांनी एसटीने जाऊन पावतीचं नूतनीकरण करून येत. चंद्रसूर्याचं काम ते स्वतः करत होते. तेव्हा व्याजाचे शंभर रुपये येत. त्यात मुलीचा फ्रॉक व्हायचा आणि वर वह्या.

वडील २००९ साली गेले. २०१० मध्ये ठेवीची मुदत संपली. हेडमास्तर बदलले होते, त्यांना माहीत नाही. मला माहीत होतं. मी बँकेत होतो, पावती कुठे असते, अर्ज कुठला लागतो, शिक्का कोण मारतो, सगळं माहीत होतं. पण जाऊ, करू, पुढच्या महिन्यात. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवायचा नियम २०१४ साली आला. त्या पाठवायच्या याद्या शाखेतला कोणी तरी क्लार्क करतो. २०२० साली तो क्लार्क मी होतो. माउसने यादी खाली सरकवता सरकवता आजीचं नाव आलं. समोरच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दावेदार नाही’.

त्या दिवशी मी कोणालाही पासबुक विचारलं नाही.

तसे पैसे बुडत नाहीत, रीतसर मागितले की परत मिळतात. मी हेडमास्तरांना अर्ज लिहून दिला, त्यांनी सही केली आणि काउंटरवर तो अर्ज मीच घेतला. पैसे आले. पण आता हजार रुपयांवर साडेसहा टक्क्यांनी मिळणार पासष्ट रुपये. पासष्टात फ्रॉकची बाहीसुद्धा येत नाही. वडिलांच्या हिशोबात महागाई नव्हती. उषवदाताच्याही नव्हती. तेवढंच बक्षीस द्यायचं तर मुद्दलात आणखी पंधरा हजार हवे होते.

मी घरी हे नुसतं बोललो. सौ. आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आखाजीच्या सोन्यासाठी साठवलेले होते. मोजले तर पंधरा हजार दोनशे. वरचे दोनशे त्यांनी परत घेतले. “फ्रॉकच द्या,” म्हणाल्या, “वही देऊन बोळवण करू नका.” त्यानंतर दर आखाजीला आम्ही त्यात हजारेक रुपयांची भर घालतो, महागाईच्या तोंडात द्यायला.

तेव्हा वाचकहो, ज्या बाईने आपली नीवी सोडून दुसऱ्याची अक्षय केली, तिलाच मी यंदा वर्तमानपत्र हातात धरून ‘अक्षय’ शब्दाचा अर्थ शिकवायला गेलो होतो. एक ग्रॅमचं नाणं मी मुकाट्याने आणून दिलं. ते अक्षय आहे असं मात्र म्हणालो नाही. पावती जपून ठेव, म्हणालो.

माझं भांडण जाहिरातवाल्यांशी अजून आहेच. सोनं विका, खुशाल विका. पण ‘अक्षय’च्या डोक्यावरची ती चांदणी काढा. त्या शब्दाला अट आहे हे खरं, पण ती तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापायची नसते. ती कोणी तरी दरवर्षी उठून पाळायची असते.

शाळा पुन्हा उघडल्यावर, २०२२ साली निकालाच्या दिवशी मी फ्रॉक घेऊन त्या खेड्यात गेलो. पहिली आलेली मुलगी चुणचुणीत होती. पुडकं छातीशी धरून तिने विचारलं, “सर, माझी बहीण तिसरीत आहे. हे बक्षीस कायम असतं का?”

‘यावच्चंद्रदिवाकरौ’ अगदी ओठांवर आलं होतं. मी बँकवाला. म्हटलं, “पुढल्या वर्षी नक्की आहे. त्याच्या पुढच्या वर्षाचं पुढल्या वर्षी येऊन सांगतो.”